डॉक्टरांचं प्रगतिपुस्तक

समस्त शहादेकरांस, तसेच तालुक्यातील साखरेच्या आजाराच्या सर्व स्त्री-पुरुष रुग्णांस अत्यंत खेदाने व गांभीर्याने कळवण्यात येते की, या दवाखान्याचे डॉक्टर तिमाही परीक्षेत सपशेल नापास झाले आहेत. पालकांनी ताबडतोब भेटावे.

हा मजकूर माझा नाही. अक्षर माझं. एस.टी. स्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दवाखान्याच्या ओट्यावर एक फळा टांगलेला असे, त्यावर मी तो पांढऱ्या खडूने, वळणदार अक्षरात लिहिला. आणि मागे उभे राहून एकेक शब्द सांगत होते ते खुद्द नापास झालेले डॉक्टर. ‘सपशेल’ हा शब्द मी गाळला होता. त्यांनी तो परत घालायला लावला.

बाजाराचा दिवस होता. फळ्यासमोर ही गर्दी! कोणी म्हणालं सरकारने डिग्री काढून घेतली. कोणी म्हणालं डिग्री मुळात नव्हतीच. केळीचा घड खांद्यावर घेतलेल्या एका गड्याने शेजाऱ्याला विचारलं, “डागदरबी परीक्षा देस का रे भो?” कंपाउंडर आत तोंड लपवून बसला होता, कारण त्या दिवशी खोकल्याचेसुद्धा पेशंट दुसऱ्या दवाखान्यात गेले. आणि डॉक्टर? ते ओट्यावर उभे राहून, लहान मुलाने आपला पडलेला दात दाखवावा तसे येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने फळा दाखवत होते.

हे डॉक्टर देशावरून आमच्याकडे आले आणि इथलेच झाले. उंच, काटकुळे, पँट छातीपर्यंत ओढलेली. अहिराणी शिकायची त्यांना फार हौस. पण तिच्यातला ‘शे’, म्हणजे ‘आहे’, एवढा एकच शब्द त्यांच्या हाती लागला आणि तो ते मिठासारखा सगळीकडे घालत. “आत या शे. बसा शे. जीभ नको शे, पाय दाखवा शे.” लोक पोट धरून हसत आणि निमूट पाय दाखवत.

कारण त्यांच्या दवाखान्यात वहाणा बाहेर काढाव्या लागत. बायका उंबऱ्याला हात लावून नमस्कार करून आत येत. एकीने तर नारळही आणला. डॉक्टरांना पूजाबिजा काही नको होती, उघडे पाय हवे होते. पेशंट खुर्चीवर आणि डॉक्टर समोर खाली, पाटावर, असा उलटा दरबार. पेशंटचं पाऊल मांडीवर घ्यायचं, बोटांच्या बेचक्या उघडून पाहायच्या, टाच दाबायची, मग म्हणायचं, “डोळे मिटा.” आणि तळव्यावरून मोराचं पीस फिरवायचं.

हे पीस सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीतलं. सगळी दुनिया काठीला जाते ती ढोल ऐकायला आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यावरचे मोरपिसांचे टोप पाहायला. डॉक्टर परत आले आणि मला म्हणाले, “मास्तर, काय पाय आहेत हो! अनवाणी नाचतात, एक भेग नाही!” वर टोप होते हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, एका नाचणाऱ्याने टोपातून गळालेलं पीस हातात दिलं म्हणून कळलं. ते पीस तळव्यावर फिरलं की माणूस हसलाच पाहिजे. हसला तो पास. न हसला तर पावलातली जाणीव गेली असं समजायचं, काटा रुतला तरी त्याला कळणार नाही. त्यामुळे सकाळच्या वेळी रस्त्याने जाणाऱ्याला दवाखान्यातून मोठमोठ्या मिशांच्या म्हाताऱ्यांचं खिदळणं ऐकू येई.

ब्राह्मणपुरीच्या आबांचा पाय त्यांनी पहिल्यांदा मांडीवर घेतला तो प्रसंग मी पाहिला आहे. आबा म्हणजे मोठे गुजर शेतकरी, केळी-उसाचे धनी, त्यांच्यापुढे भलेभले वाकत. ते ताडकन उठले. “डागदर, मन्हा पाय धरीसन माले पापमा पाडतस का?” असं म्हणत पाप फेडायला त्यांनी डॉक्टरांचे पाय धरायला वाकावं, आणि त्याच वेळी डॉक्टरांनी निसटलेलं पाऊल पकडायला पुढे व्हावं. दोन डोकी अशी आपटली की कंपाउंडरने दोघांनाही टिंक्चर लावलं.

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक वहाण ठेवलेली असे. चामड्याची, जुनी, डाव्या पायाची. एकटीच. एका नव्या कंपाउंडरने ती केरात टाकली, तेव्हा डॉक्टर स्वतः उकिरड्यावर जाऊन ती शोधून, धुऊन, पुसून घेऊन आले. का, ते कोणी विचारलं नाही. इतक्या चमत्कारिक माणसाला एका वहाणेचं काय विचारायचं?

आता माझं सांगतो. मी प्राथमिक शाळेत मास्तर. तिशी नुकतीच ओलांडली होती. एके वर्षी मला अशी तहान लागू लागली की वर्गातला माठ मी एकटाच संपवायचो. अंग उतरलं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी परीक्षानळीत निळं द्रावण घेतलं, माझ्या लघवीच्या बाटलीतले थेंब टाकले, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साखर नसेल तर निळं निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, नारिंगी. माझं द्रावण मध्ये कुठेही न थांबता थेट विटकरी झालं.

“मास्तर,” नळी उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, “तुम्ही पोटात वीटभट्टी घातली आहे शे.”

मला रडू आलं. घरी जाऊन बायकोला काय सांगू, शाळेचं काय, किती दिवस राहिले? त्यांनी मला पुरतं रडू दिलं. मग म्हणाले, “झालं? आता एक विचारतो. तुमच्या शाळेत कोरी प्रगतिपुस्तकं मिळतील?”

त्यांचं म्हणणं असं: औषध देणारे खूप आहेत; दिलेल्याचं पुढे काय झालं ते कोणी मोजत नाही. पोराला येत नसेल तर परीक्षा पोराची होते, मास्तरांची होत नाही. इथे तसं नाही. पेशंट बिघडला तर नापास डॉक्टर. म्हणून दर तीन महिन्यांनी परीक्षा, विषय चार: हजेरी, बाटली, पाय आणि पाठांतर. हजेरी म्हणजे पेशंट वेळेवर आले का. बाटली म्हणजे निम्म्याहून जास्त बाटल्या निळ्या किंवा हिरव्या निघाल्या पाहिजेत. पाय म्हणजे प्रत्येकाचा तळवा पाहिला गेला का. पाठांतर म्हणजे आपलं औषध, आणि इंजेक्शननंतर घाम फुटून हात कापू लागले तर काय करायचं, हे प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे. “खिसामाधली साखर खाई लेवो!” असं आबा ते पाढ्यासारखं ओरडून म्हणत. एका विषयात गेले तरी नापास. निकाल फळ्यावर. आणि प्रगतिपुस्तकात ‘पालकाची सही’ असं जिथे असतं, तिथे पेशंटांच्या सह्या आणि अंगठे.

“परीक्षक कोण?” मी डोळे पुसत विचारलं.

“तुम्ही शे,” डॉक्टर म्हणाले.

आयुष्यातली सर्वांत मोठी बढती मला अशी रडता रडता मिळाली.

हजेरीसाठी ते गैरहजर पेशंटांना पोस्टकार्डं टाकत. औषध, पथ्य असलं काही त्यात नसे. एकच ओळ: ‘आपण आला नाहीत. माझं काय चुकलं?’ कार्ड खेड्यात जाई, पोस्टमन ते सगळ्या पारासमोर वाचून दाखवी आणि पेशंटच्या घरी भांडण लागे. मोठा देवमाणूस विचारतोय काय चुकलं, आणि तू घरात बसलास? दुसऱ्या दिवशी तो पेशंट दोन शेजाऱ्यांसह माफी मागायला हजर.

तर अशा तयारीने दिलेल्या परीक्षेत डॉक्टर बाटलीच्या विषयात गेले. उसाचा हंगाम होता, गुऱ्हाळं चालू होती. ताज्या गरम गुळापुढे माणसाचं काय चालतं? बाटल्या पाहाल तर नुसता सूर्यास्त. त्यातली सर्वांत लाल माझी. आबांच्या गुऱ्हाळावर मी कसा आणि किती वेळा गेलो होतो ते इथे सांगत नाही. परीक्षकाला काही अब्रू असते.

फळा लागला आणि गावात हळहळ पसरली. स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात आम्ही साखरवाले जमलो, बिनसाखरेचा चहा पीत. आबांनी बशी आदळली.

“आपलामुये तो देवमानूस नापास व्हयना! काही लाज शे का नही आपलाले?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“मग आबा, गूळ बंद करायचा?” मी विचारलं.

आबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते वाक्य परत घेतलं.

“गुरुजी, तुम्ही शिकेल मानूस. परीक्षा कोनी शे? बाटलीनी. मंग बाटलीले पास करसूत!”

अशा रीतीने, डॉक्टरांवरच्या निखळ प्रेमापोटी, आमच्या तालुक्यात मोठी कॉपी झाली. पुढच्या परीक्षेला प्रत्येकाने घरातल्या धडधाकट माणसाची बाटली आणली. मीही आणली. परीक्षक असून. आमच्या कुटुंबाची.

तो दिवस मला आजही दिसतो. मी टेबलामागे परीक्षकाच्या खुर्चीत. पायात कॅन्व्हासचे बूट, कारण परीक्षकाने वहाणा काढायच्या असा नियम नव्हता. निदान तसा अर्थ मी लावला होता. बुटाआडचं माझं पाऊल हसणं विसरलं होतं, आणि हे मला ठाऊक होतं. मागच्या वेळी डॉक्टरांनी पीस फिरवलं तेव्हा मी एक डोळा किलकिला ठेवला होता. पीस तळव्याला लागलेलं दिसलं, कळलं नाही. आणि मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये विदूषक करतो तसा खदखदून हसलो होतो. डॉक्टरांनी वहीत ‘पास’ लिहिलं होतं. घाबरलो होतो हो. पाऊल जे सांगतंय ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला नको, एवढंच वाटलं होतं.

कंपाउंडर एकेक नळी तापवत होता. निळी. निळी. निळी. निळी. लोक टाळ्या वाजवू लागले. आबा तर मिशीला पीळ देत उभे. डॉक्टर मात्र एकेक नळी उजेडात धरून पुन्हा पाहत होते.

“मास्तर,” ते हळूच म्हणाले, “सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी पडले, तर शाळेत तुम्ही काय समजता?”

“वर्ग हुशार आहे असं,” मी म्हणालो. घाम मला इंजेक्शनाशिवायच फुटला होता.

एवढ्यात आबांची नळी दिव्यावर आली. ती निळी राहिली, पण उकळल्याबरोबर दवाखान्यात एक वास पसरला. खानदेशातल्या तान्ह्या पोरालाही ओळखू येईल असा, सारवलेल्या गोठ्याचा. डॉक्टरांनी नाक वर करून तो वास घेतला आणि अगदी सहज विचारलं, “आबा, दूध किती देते शे?”

“सकायले चार शेर, सांजले तीन,” आबा म्हणाले.

आणि जे हास्य फुटलं! आबा लालबुंद. “पन डागदर, गोमूत्र शे ते! पवित्र शे! मी काई वाईट चीज नही लई उनू!”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदांवरची ती एकटी वहाण उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलाच्या मध्यभागी ठेवली.

“मी इथे आलो त्याच्या पहिल्या वर्षातला पेशंट,” ते म्हणाले. या वेळी ‘शे’ नव्हतं. “दर महिन्याला यायचा. बाटली निळी. मी खूश. दोन वर्षं आम्ही हसलो, बोललो, पण त्याला एकदाही वहाणा काढायला सांगितलं नाही मी. आत काटा मोडून पू झाला होता, त्याला कळलं नाही आणि मला दिसलं नाही. धुळ्याला गुडघ्याखाली पाय कापला. परत आला तो काठी टेकत, आणि ही माझ्या दारात ठेवली. म्हणाला, ‘हाई आते मन्हा कामनी नही.’ शिवी दिली असती तर बरं झालं असतं.”

“बाटली दुसऱ्याची आणता येते. पाय आपलेच आणावे लागतात. म्हणून मी पाय पाहतो. आता खरं सांगा, कोणाकोणाची बाटली स्वतःची आहे?”

एकही हात वर झाला नाही. डॉक्टर वळले. “परीक्षक, तुमची?”

“कुटुंबाची,” मी म्हणालो.

“बूट काढा.”

उजवा बूट काढला, ठीक निघाला. डावा काढताना मोजा आत चिकटला. डॉक्टरांनी तो पाण्याने भिजवून हळूहळू सोडवला आणि बूट उलटा केला. आतून टपकन खडूचा तुकडा पडला. माझ्याच फळ्याचा, माझ्याच खिशातून घरंगळलेला. एका बाजूने पांढरा, एका बाजूने तांबडा.

“हा कधीपासून आहे?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. खरंच ठाऊक नव्हतं. त्या खडूवर मी किती दिवस शाळेत जाऊन आलो, देव जाणे. करंगळीच्या बुडाशी भोक पडलं होतं आणि भोवतालची कातडी काळी पडू लागली होती.

डॉक्टरांनी माझ्याच निळ्या पेन्सिलीने पावलावर आडवी रेघ ओढली. “आठ दिवस, मास्तर. काळं या रेघेच्या खाली राहिलं तर पाय तुमचा. वर चढलं तर धुळे.”

घरी बातमी पोचली तेव्हा कुटुंबाने आधी रडून घेतलं. मग बाटलीची हकीकत कळल्यावर पदर खोचून म्हणाली, “म्हणजे पास मी झाले, आणि टाळ्या तुम्ही घेतल्यात?” पण सिरिंज उकळून इंजेक्शन द्यायला तीच शिकली, माझ्याआधी शिकली. इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवलेली, आणि त्या मडक्याला ती देवघरापेक्षा जास्त जपे. रोज सकाळी सायकलची घंटी वाजे. डॉक्टर येत, जमिनीवर मांडी घालून बसत, माझं पाऊल मांडीवर घेत, पट्टी सोडत. तेवढा वेळ घरात कोणी श्वास घेत नसे. मी छताकडे पाहायचो. कुटुंब रेघेकडे.

पाचव्या दिवशी काळं रेघेला टेकलं. डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं, संध्याकाळी पुन्हा आले. सहाव्या दिवशी तिथेच. सातव्या दिवशी कुटुंब ओरडली, “खाली आहे!” डॉक्टरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. आबांनी त्याच गाईचं दूध पाठवलं, निरोपासकट: याची परीक्षा घेऊ नका.

करंगळीचं टोक तेवढं गेलं. बाकी अख्खा पाय आज या वयातही मला रोज सकाळी नदीपर्यंत नेतो आणि परत आणतो. घरी आलो की बूट उलटा करून झटकतो. काही पडत नाही. पण झटकताना एका काटकुळ्या माणसाची छातीपर्यंत ओढलेली पँट डोळ्यांपुढे येते, आणि हात आपसूक जोडले जातात. हातात बूट असल्याचं नंतर लक्षात येतं.

त्या वर्षीची वार्षिक परीक्षा सांगायची राहिली. या वेळी बाटल्या ज्याच्या त्याच्या. पाय सगळ्यांचे पाहिलेले, माझे तर दोनदा, हजेरी पूर्ण, पाठांतर खणखणीत. बाटल्या मोजल्या. निम्म्या निळ्या-हिरव्या, निम्म्या पिवळ्या-लाल. निम्म्याहून जास्त पाहिजेत. एक कमी पडली. आणि शेवटची, पिवळीकडे झुकलेली, माझी.

“डॉक्टर,” मी गयावया केली, “हिला हिरवी म्हणू या. एका मार्कासाठी पोराला मी कधी अडवत नाही.”

“शाळेत एक मार्क म्हणजे एक मार्क,” डॉक्टर म्हणाले. “इथे एक मार्क म्हणजे एक पाय शे. लिहा, मास्तर.”

मी ओट्यावर जाऊन लिहिलं: डॉक्टर नापास. लोक आतून बाहेर येऊन माझ्यामागे उभे राहिले, सगळे अनवाणी. डॉक्टर प्रगतिपुस्तक घेऊन आले आणि त्यांनी ते सहीसाठी आबांपुढे धरलं. आबांनी फळा पाहिला. पेन हातात घेतलं, पुन्हा फळा पाहिला. सही करायला वाकले तशी त्यांची नजर उंबऱ्याबाहेर गेली, जिथे आम्हा सगळ्यांच्या वहाणा लावून ठेवलेल्या होत्या. ते वाकलेलेच राहिले, आणि मग साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले:

“कसाना नापास, डागदर? बाहेर दखा ना! एक बी वहान एकली नही!”